मुलांचा वाढदिवस घरच्या घरी: गोव्यातल्या घरांसाठी पहिल्या खेपेचे मार्गदर्शन

हॉल, सजावटवाला, दोन मजली केक, प्रत्येक मुलाच्या हातात प्लास्टिकच्या खेळण्यांची पिशवी. हे सगळे केल्याशिवाय वाढदिवस होतच नाही, असे आता शहरातच काय, पेडणे-सत्तरीच्या गावांतही वाटू लागले आहे. पण मुलांना विचारून पाहा. त्यांना आठवते ते त्यांनी स्वतः केलेले: पळालो, लपलो, चिखलात पडलो, केकवर नाव लिहिले. म्हणून घरच्या वाढदिवसाचे गणित एकाच गोष्टीभोवती मांडावे. मुलांनी नुसते बघायच्या वस्तूंवर पैसा आणि वेळ कमी घालायचा, मुलांनी हाताने करायच्या गोष्टींवर जास्त. खाली दिलेली सगळी मापे 12 मुले आणि 6 मोठी माणसे, म्हणजे 18 जणांसाठी आहेत.

आधी आकडा, मग बाकीचे

खर्च वाढतो तो पाहुण्यांच्या संख्येने, पदार्थांच्या संख्येने नव्हे. त्यामुळे सर्वांत आधी मुलांची संख्या ठरवा आणि त्यावर ठाम राहा. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी सहा-सात सवंगडी भरपूर झाले. आठ वर्षांपुढे दहा-बारा चालतात, कारण ती मुले आपापसांत खेळतात. संपूर्ण वर्ग बोलावू नका. वर्गात खाऊ वाटायचा असेल तर तो शाळेला विचारून वेगळा वाटावा आणि घरी जवळचे मित्र, शेजारची मुले आणि चुलत-मावस भावंडे एवढीच बोलवावीत.

पहिल्या वाढदिवसाचा प्रकार वेगळा असतो. वर्षाच्या बाळाला गर्दी, आवाज आणि दहा जणांच्या मांडीवरून फिरणे सोसत नाही. त्याच्या झोपेची वेळ सांभाळून आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या एवढ्यांत औक्षण करा आणि सगळ्यांनी मिळून जेवा. मोठा समारंभ असतो तो मोठ्यांसाठी, आणि त्याची किंमत बाळ रात्रभर रडून देते.

तारखेने करायचा की तिथीने, हा घराघराचा प्रश्न. दोन्ही पाळायचे असेल तर तिथीला सकाळी देवदर्शन आणि घरात गोडधोड, आणि तारखेच्या जवळच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम, अशी वाटणी सोयीची पडते. कुलदेवता मंगेशीचा मंगेश, मार्दोळची म्हाळसा किंवा कवळ्याची शांतादुर्गा असेल तर तिन्ही देवळे फोंडा तालुक्यातच आहेत. पण देवळात जाऊन येणे आणि संध्याकाळचा कार्यक्रम एकाच दिवशी ठेवला तर मूल चारपर्यंत थकून चिडचिडे होते.

वेळ 4 ते 6:30. याहून लांबवू नका. दुपारच्या जेवणाची वेळ टळते, रात्रीच्या जेवणाची येत नाही, म्हणजे एका नाश्त्यावर भागते. शिवाय उजेड असेपर्यंत मुले आंगणात राहतात. आमंत्रणात सुटायची वेळही लिहा, नाहीतर न्यायला येणारे आठपर्यंत येत राहतात.

आमंत्रण फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पुरे. त्यात चार गोष्टी असाव्यात: वेळ, पत्ता, खेळायचे असल्यामुळे साधे कपडे घालून पाठवा ही सूचना, आणि मुलाला काही खाण्याची ॲलर्जी आहे का हा प्रश्न. भेटवस्तू नको असेल तर मोघम लिहू नका. ‘भेट आणू नये. द्यायचेच असेल तर तुमच्या घरातले वाचून झालेले एखादे गोष्टीचे पुस्तक चालेल’ असे लिहिले की लोक खरोखर ते पाळतात. नुसते ‘आशीर्वाद हीच भेट’ म्हटले तर सगळे काही ना काही घेऊन येतातच.

सजावट: परसात काय आहे ते आधी बघा

1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ हे सगळे त्यात येते. तरीही दुकानात ते मिळते, म्हणून यादी करतानाच ते वगळा.

दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, उंबऱ्याशी रांगोळी, आणि भिंतीवर आईची किंवा आजीची रंगीत काठाची जुनी साडी चुण्या पाडून टांगली की मागची बाजू तयार. पताकांसाठी 5 मीटर सुतळी आणि 20 सेंटिमीटर रुंदीचे 20 त्रिकोण लागतात. वरची कड दोन बोटे दुमडून सुतळीवर मैद्याच्या खळीने चिकटवायची. खळीसाठी 2 मोठे चमचे मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. थंड पाण्यात आधी नीट कालवले नाही तर गुठळ्या होतात.

जून ते सप्टेंबरमध्ये मात्र कागदाच्या पताका करू नका. हवेतल्या दमटपणाने त्या तासाभरात माना टाकतात आणि खळही सुटते. पावसाळ्यात जुन्या कपड्यांचे त्रिकोण कापून सुतळीला शिवा, ते पुढची कित्येक वर्षे चालतात. दुसरी चूक चिकटपट्टीची: ओल धरलेल्या भिंतीवर ती टिकत नाही आणि निघताना रंगाचे पोपडे घेऊन येते. खिडकीचे गज, बाल्कांवचे (दारापुढच्या ओसरीचे) खांब, दाराची कडी यांना सुतळी बांधा.

फुगे दहाच आणा आणि पंपाने साधी हवा भरा. जत्रेतल्या तरंगणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि तो ज्योतीजवळ पेट घेतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, कारण लहान मूल ते तोंडात घालते आणि घशात चिकटलेले रबर सहज निघत नाही. मेणबत्तीभोवती फेसाचा स्प्रे मारण्याची जी टूम आहे, ती घरात अजिबात येऊ देऊ नका. त्या डब्यातला दाबाने भरलेला वायू ज्वलनशील असतो आणि चेहरे भाजण्याचे प्रकार त्यामुळेच होतात. पाहुण्यांपैकी कोणी घेऊन आले तर हसतमुखाने, पण ठामपणे तो काढून ठेवा.

केक: रवा-नारळाचा बाथ

विकतचा क्रीमचा केक गोव्याच्या उकाड्यात बाहेर ठेवला की थोड्याच वेळात ढासळू लागतो. त्यापेक्षा आपला बाथ, म्हणजे बातिका, करावा. नारळ घरचा असतो, क्रीम लागत नाही, आणि आदल्या रात्री केलेला बाथ दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो. पारंपरिक बाथमध्ये अंडी असतात. पण पाहुण्यांत अंडे न खाणारे असतात, म्हणून हे दह्यातले माप:

बारीक रवा 250 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, ओले खोबरे 150 ग्रॅम (साधारण एका मध्यम नारळाचे), ताजे दही 200 ग्रॅम, दूध 150 मिलिलिटर, वितळवलेले तूप किंवा लोणी 100 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, 5-6 वेलच्यांची पूड, चिमूटभर मीठ.

आदोळीवर (खवणीच्या विळीवर) नारळ खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग घेऊ नका, बाथ काळपट होतो. खोबरे थोड्या दुधासह मिक्सरमध्ये रवाळ फिरवा. दही आणि साखर घोटून साखर विरघळली की तूप, खोबरे, रवा, वेलची, मीठ आणि उरलेले दूध घाला आणि झाकून किमान 2 तास ठेवा. ही दोन तासांची पायरी गाळायची नाही. रवा फुगला नाही तर बाथ कोरडा होतो आणि कापताना भुगा पडतो. पावडर आणि सोडा मात्र भट्टीत घालायच्या अगदी आधी मिसळा. पीठ तोवर फारच घट्ट झाले असेल तर 2-3 चमचे दूध वाढवा. चमच्यातून ते जडपणे पडावे, ओघळू नये.

20 सेंटिमीटरच्या गोल भांड्याला तूप लावून तळाला कागद घाला. ओव्हन असेल तर 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटे. नसेल तर मोठा कुकर किंवा जाड बुडाचे झाकणाचे पातेले घ्या. कुकरची शिटी आणि रबर काढा, तळाला मिठाचा थर आणि त्यावर तिवई ठेवून 10 मिनिटे तापवा, मग भांडे ठेवून मंद आचेवर 50 ते 60 मिनिटे. भांड्याभोवती दोन बोटे मोकळी जागा हवी, नाहीतर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. पूर्वी चुलीवर पातेल्याच्या झाकणावरही निखारे ठेवत. कुकरमध्ये वरून आच नसल्यामुळे वरचा भाग फिकट राहतो, त्यात काही बिघडले नाही असे समजा.

पहिली 35 मिनिटे झाकण उघडू नका, मध्यभाग बसतो. विणायची सुई घालून ती कोरडी आली की झाला. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला. पूर्ण गार झाल्यावरच कापा, शंकरपाळ्याच्या आकारात साधारण 20 तुकडे निघतात. एप्रिल-मेमध्ये ओल्या खोबऱ्यामुळे तो एका दिवसापलीकडे बाहेर ठेवू नये.

वर नक्षी हवी तर कागदावर मुलाच्या नावाचे पहिले अक्षर कापून तो कागद केकवर ठेवा आणि पिठीसाखर चाळा. हे काम वाढदिवसाच्या मुलालाच द्या, आणि औक्षणाच्या अगदी आधी द्या, कारण आपल्या हवेत पिठीसाखर अर्ध्या तासात ओली होऊन नाहीशी होते.

पावसाळ्यात तवशी भरपूर असतात तेव्हा तवसळी करा. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून ती वाफवतात, म्हणजे भट्टीची भानगडच नाही.

खायला एकच भरपेट पदार्थ

एक गोड, एक तिखट, एक पेय आणि एक फळ. यापुढे पदार्थ वाढवले की स्वयंपाकघरातली माणसे बाहेर येतच नाहीत. शाकाहारी ठेवणे सर्वांत सोपे. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा श्रावण, करेज्माच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) शुक्रवारी ख्रिस्ती शेजारी मांस खात नाहीत, मुसलमान मित्रांना हलालचा प्रश्न असतो. पातळ भाजी आणि पाव ठेवला की सगळी मुले एका पंगतीला बसतात. जेलीच्या पाकिटात जिलेटिन असू शकते, म्हणून तीही नको.

पातळ भाजीसाठी पांढरे सुके वाटाणे 600 ग्रॅम आदल्या रात्री भिजत घाला. 8 तासांपेक्षा कमी भिजले तर शिट्ट्या कितीही घेतल्या तरी काही दाणे टणक राहतात. सकाळी 4-5 शिट्ट्या. बटाटे 500 ग्रॅम, कांदे 4, एक नारळ. खोबरे आणि एक कांदा तांबूस भाजून धणे 2 मोठे चमचे, 8-10 मिरी, 3-4 लवंगा, हळद आणि 3 बेडगी मिरच्यांसह वाटा. मोठ्यांना हे वाटण मिळमिळीत वाटेल. त्यांच्यासाठी मिरचीचा ठेचा बाजूला ठेवा, पण मुलांचे पातेले तिखट करू नका. कोकमे किंवा चिंच वाटाणे शिजल्यानंतरच घाला, आंबट आधी पडले की दाणा मऊ होत नाही.

पाव मुलांना दोन आणि मोठ्यांना तीन या हिशेबाने 42 होतात, म्हणून 45 सांगा. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशीच सांगून ठेवा. संध्याकाळच्या फेरीत त्याच्या टोपलीत एका घराला पुरतील इतके 45 पाव असतीलच असे नाही. संध्याकाळी तो कधी येतो तेही विचारा आणि उशिरा येत असेल तर स्वतः भट्टीवर जा. सकाळचे पाव संध्याकाळपर्यंत चिवट होतात, मग ते तव्यावर गरम करत बसावे लागते.

पेयाला कोकम सरबत. इथे नवख्यांची एक चूक हमखास होते: सोलकढीचे आगळ (कोकमाचा दाट रस) वापरतात. आगळ खारट असते, त्याचे गोड सरबत होत नाही. सोलां (सुकी कोकमे) 100 ग्रॅम भरभर धुऊन 1 लिटर कोमट पाण्यात 4 तास भिजवा, कुस्करून गाळा, त्यात 400 ग्रॅम साखर, 1 लहान चमचा जिरेपूड आणि चवीपुरते मीठ घालून एकूण 4 लिटर करा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवा. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ या धातूंवर आंबटाचा परिणाम होतो.

फळ ऋतूप्रमाणे. मे महिन्यात मानकुराद आंबा असताना दुसरे काही आणायची गरज नाही, फक्त कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून मुलांना ओट्यावर बसवून खायला द्या. एरवी केळी किंवा कलिंगड. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, गोल गोळ्या, अख्खी द्राक्षे देऊ नका, ती घशात अडकतात.

ताटल्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या स्टीलच्या, आणि पातळ भाजीला वाट्या. केळीचे पान देखणे दिसते, पण ते बसून जेवण्यासाठी. उभ्याने खाणाऱ्या मुलाच्या हातात पान दिले की रस्सा फरशीवर येतो. कुळागर (सुपारीची बाग) असणाऱ्या घरी सुपारीच्या पोयी (पानांचे रुंद देठ) मिळाल्या तर त्यांच्या द्रोणांत कापलेले फळ छान राहते.

अडीच तास कसे भरायचे

हीच खरी तयारी, आणि तीच बहुतेक घरांत राहून जाते. खाणे तयार असते, पण 12 मुलांना काय करायला लावायचे याचा विचार केलेला नसतो. मग पंधरा मिनिटांत सोफ्यावरून उड्या सुरू होतात आणि शेवटी टीव्ही लावला जातो.

4 ते 4:40, माडाच्या पात्यांची खेळणी. मुले एकदम येत नाहीत, म्हणून सुरुवातीला मधूनही सामील होता येईल असे काम हवे. आदल्या दिवशी दोन हिरव्या चुडत्या (झावळ्या) आणून ठेवा. मुलामागे 6 पाती धरा. शेजारच्या आजोबांना शिकवायला बोलवा, त्यांना हे हमखास येते. पिपाणीसाठी पात्याचा मधला हीर (कडक शीर) काढून टाकायचा, अरुंद टोकापासून गुंडाळायला सुरुवात करायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत शंकूसारखा करायचा आणि शेवट हिराच्या तुकड्याने टाचायचा. मग अरुंद टोक बोटांनी चपटे दाबून फुंकायचे. वाजत नसेल तर टोक फार मोकळे आहे किंवा पात सुकली आहे. सुकलेली पाती मोडतात, म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. घड्याळ, भिंगरी, साप हेही याच पात्यांचे होतात. पाच वर्षांखालच्यांच्या हातात हीर देऊ नका, डोळ्यांना लागतो.

4:40 ते 5:30, मैदानी खेळ. लगोरी, तळ्यात-मळ्यात, मामाचं पत्र हरवलं. लगोरीला कौलांचे गुळगुळीत तुकडे आणि कापडी चेंडू घ्या. बाद करणारे खेळ कमी ठेवा. संगीत खुर्चीत पहिल्याच मिनिटाला बाद झालेले मूल बाकी वेळ काय करणार? हवीच तर खुर्च्या कमी करा पण मुले कमी करू नका, सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसायचे. त्यात मजाही जास्त येते. पहिला-दुसरा क्रमांक आणि बक्षिसे नकोत, रडारडीचे मूळ तेच असते.

फ्लॅटमध्ये राहत असाल किंवा पाऊस असेल तर खजिना शोध. आठ चिठ्ठ्या पुरतात. मराठीत छोट्या ओळी लिहा (‘मी थंड आहे, पण माझ्या पोटात दिवा आहे’ म्हणजे फ्रीज) आणि एक चिठ्ठी पुढच्या जागेकडे नेईल अशी लपवा. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र काढा. मुलांच्या दोनच टोळ्या करून त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या द्या, नाहीतर एकच चलाख मूल सगळे शोधून मोकळे होते. कार्यक्रमापूर्वी एकदा सगळ्या चिठ्ठ्या जागेवर आहेत ना, ते बघा.

5:30, औक्षण आणि केक. ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. पाटाभोवती रांगोळी, मूल पूर्वेकडे तोंड करून. कुंकू लावून डोक्यावर अक्षता, मग अंगठी आणि सुपारी ओवाळून निरांजन ओवाळायचे, तोंडात गोड घालायचे आणि मुलाने मोठ्यांना नमस्कार करायचा. पंखा दोन मिनिटे आधी बंद करा, ज्योत विझते. मुलींचे मोकळे केस आणि ओढण्या मागे घ्या.

मेणबत्ती फुंकायची की नाही यावर घरात वाद असेल तर मुलाच्या वाढदिवशी तो काढू नका. मुलाला हवी असेल तर एका छोट्या तुकड्यावर मेणबत्ती लावून तो वेगळ्या ताटलीत त्याच्यापुढे ठेवा. त्याची हौस भागते आणि बाकीच्या केकवर थुंकी उडत नाही. फोटो काढायला एकच माणूस नेमा. सहा मोबाइल पुढे आले की मूल कोणाकडे बघावे या गोंधळात रडवेले होते.

5:45 ते 6:30, खाणे आणि निरोप. खाऊन झाल्यावर पळापळीचे खेळ नकोत. कानगोष्टी, भेंड्या किंवा मोठ्यांपैकी कोणी सांगितलेली गोष्ट पुरे.

जाताना हातात काय द्यायचे

करवंटीत लावलेले झेंडूचे रोप. त्यासाठी 3 आठवडे आधी सुरुवात करावी लागते. रोजच्या स्वयंपाकातल्या 15 अर्ध्या करवंट्या साठवा, डोळ्याच्या जागी खिळ्याने भोक पाडा. भोक नसेल तर पाणी साचून मुळे कुजतात. माती आणि शेणखत निम्मे-निम्मे, प्रत्येकीत 3 बिया. आठवड्याभरात उगवतात, मग एकच जोमदार रोप ठेवा. तीन बिया कमी पडतील म्हणून जास्त पेरू नका. पाणी घालायचे काम वाढदिवसाच्या मुलाचे. विसरलात आणि आठवडाच उरला असेल तर मेथी पेरा, ती तीन-चार दिवसांत उगवते. रोपाशिवाय मुलांनी बनवलेली पिपाणी आणि भिंगरी त्यांच्याबरोबर जातेच.

घरातल्यांची तयारी

साधेपणाला सर्वांत जास्त विरोध घरातूनच होतो. ‘लोक काय म्हणतील’ हे आजी-आजोबांच्या मनात येते, त्यात त्यांची मायाच असते. त्यांना खर्च कमी करायचा आहे असे सांगण्यापेक्षा एकेक काम सोपवा: औक्षणाची तयारी, गोष्ट सांगणे, तोरण. मुलालाही आठवडाभर आधी कार्यक्रम नीट सांगा. त्याच्या मित्राकडे जादूगार आला होता आणि आपल्याकडे नाही, हे त्याला ऐन वेळी कळू नये. आपल्या ऐपतीबद्दल मुलाशी सरळ बोलता येते. त्याला दोन-तीन निवडी द्या, जसे की लगोरी की खजिना शोध, बाथ की तवसळी, आणि त्याने निवडलेले तसेच करा. धाकटे भावंड असेल तर त्याला मिरवण्यासारखे एखादे काम द्या, नाहीतर त्या दिवशी ते हमखास आजारी असल्यासारखे वागते.

पावसाळ्यात दिवे जातात हे गृहीत धरा. मिक्सरची सगळी वाटणे सकाळीच उरकून घ्या आणि पाण्याची टाकी भरून ठेवा. 12 मुले आली की न्हाणीघरात पाणी भरपूर लागते.

पाहुणे गेल्यावरच भेटी उघडा, आणि कोणी काय दिले ते वहीत लिहून ठेवा. उरलेली पातळ भाजी खोबऱ्याच्या वाटणामुळे उष्म्यात लवकर आंबते, म्हणून ती रात्रीच्या जेवणात संपवा किंवा लगेच फ्रीजमध्ये ठेवा. कलिंगडाच्या साली आणि माडाची पाती माडाच्या आळ्यात टाका. कागद आणि फुटके फुगे वेगळे करून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. शेजाऱ्यांच्या ताटल्या-वाट्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातूनच परत पाठवा. रिकामे भांडे देत नाहीत, म्हणून त्यात बाथचे दोन तुकडे घालता यावेत एवढे आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा.